नव्या रायफलमध्ये पुंगळी अडकते, तेव्हा आधी पुंगळी वाचावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण एआर-१५ धाटणीची, ५.५६ मिलिमीटरची नवी सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतली. पहिल्या ८० गोळ्यांत ती ११ वेळा अडली. बहुतेक वेळा रिकामी पुंगळी (काडतुसाचे धातूचे नळकांडे) चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागीच, राहिली आणि दोनदा ती खिडकीत, म्हणजे पुंगळी बाहेर पडण्याच्या फटीत, उभी अडकलेली दिसली. एका परिचिताने एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी चेंबरमधून मागे ओढणाऱ्या आकड्याची) स्प्रिंग काढून अधिक ताठ स्प्रिंग बसवण्यास सांगितले आहे, आणि ती मागवावी की नाही, हे आपण विचारता आहात. माझे उत्तर असे की, अद्याप मागवू नका. ती स्प्रिंग वाईट असते असे नाही, परंतु आपण दिलेल्या वर्णनावरून दोष स्प्रिंगचाच आहे असे ठरत नाही. आणि दोष दुसरीकडे असेल तर ताठ स्प्रिंग तो काही काळ झाकून ठेवते, ज्याचा त्रास पुढे अधिक होतो.

रायफल अडली की आपण सगळेच ‘एक्स्ट्रॅक्शनचा दोष’ असे म्हणून मोकळे होतो, पण त्या एका नावाखाली निदान तीन वेगवेगळ्या घटना येतात. पहिलीत बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे येतो, एक्स्ट्रॅक्टर पुंगळीच्या रिमवरून (बुडाच्या कडेवरून) निसटतो किंवा रिमचा तुकडा तोडून घेऊन येतो, पुंगळी आतच राहते आणि मॅगझिनमधील पुढचे काडतूस तिच्या बुडावर जाऊन आदळते. खरा एक्स्ट्रॅक्शनचा दोष हाच. दुसरीत पुंगळी चेंबरमधून सुटते, पण बाहेर फेकली जात नाही आणि परत येणाऱ्या बोल्टच्या तोंडी सापडून खिडकीत उभी राहते. येथे एक्स्ट्रॅक्टरने आपले काम केलेले असते. चूक इजेक्टरची (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या दट्ट्याची), किंवा पुरेसा मागे न आलेल्या बोल्टची असते. तिसरीत पुंगळी व्यवस्थित बाहेर पडते, पण पुढचे काडतूस उचलले जात नाही आणि बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद होतो. हे बहुतेक वेळा बोल्ट अर्धवट मागे आल्याचे लक्षण असते, क्वचित मॅगझिनचेही. आपल्या ११ प्रसंगांत पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराची सरमिसळ दिसते. म्हणून पुढच्या वेळी रायफल अडली की ती लगेच मोकळी न करता क्षणभर थांबून, काय कुठे अडकले आहे हे पाहावे आणि वहीत लिहावे. कोणते काडतूस, मॅगझिनमधील कितवे आणि रायफल किती तापलेली, एवढ्या तीन नोंदी असल्या तरी पुष्कळ कळते.

पुढे जाण्यापूर्वी सुरक्षिततेविषयी सांगणे भाग आहे, कारण अडकलेली पुंगळी काढताना माणसे घाई करतात. नळीचे तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवून प्रथम मॅगझिन काढावे, बोट ट्रिगरपासून दूर ठेवावे, आणि आत अडकलेली वस्तू रिकामी पुंगळीच आहे याची खात्री करावी. ती खात्री झाली, आत दुसरे जिवंत काडतूस नाही हेही पाहिले, की साफसफाईची सळई नळीच्या तोंडाकडून आत घालून हलके ठोकले असता पुंगळी सहसा निघते. आत जिवंत काडतूस अडकले असेल तर मात्र तोंडाकडून सळई कधीही घालू नये. ते काम जाणत्या गनस्मिथकडे सोपवावे. बार उडालाच नसेल तर रायफल तशीच सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबावे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला असेल तर गोळी नळीत अडकलेली नाही, हे पाहिल्याशिवाय दुसरा बार काढू नये. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: अडकलेल्या पुंगळीवर आदळलेले काडतूस पुन्हा मॅगझिनमध्ये भरू नये. त्या आघाताने गोळी पुंगळीत मागे दबलेली असू शकते, आणि मागे दबलेल्या गोळीने चेंबरमधील दाब वाढतो.

आता मूळ यंत्रणेकडे येऊ, कारण ती समजली की उरलेले निदान पुष्कळसे आपोआप होते. बार उडतो तेव्हा पितळी पुंगळी दाबाखाली फुगते आणि चेंबरच्या भिंतींना घट्ट चिकटते. त्यामुळेच गरम वायू मागे येत नाही. .२२३ रेमिंग्टन काडतुसाची अमेरिकी उद्योगमानकातील कमाल दाबमर्यादा चौरस इंचाला ५५,००० पौंड इतकी आहे, यावरून या चिकटण्याचा जोर लक्षात यावा. गोळी नळीबाहेर पडली की दाब उतरतो, पितळ आपल्या लवचीकतेने किंचित आक्रसते, भिंतीपासून सुटते, आणि मगच एक्स्ट्रॅक्टरने तिला ओढावे अशी अपेक्षा असते. म्हणजे एक्स्ट्रॅक्टरचे काम सुटलेली पुंगळी मागे आणण्याचे आहे, चिकटलेली उपटून काढण्याचे नाही. पुंगळी सुटायला नको तितका वेळ लागत असेल, किंवा ती सुटण्याआधीच बोल्ट उघडत असेल, तर जगातील उत्तमातला उत्तम एक्स्ट्रॅक्टरही हरतो. म्हणून माझ्यापुढे अशी रायफल आली की मी दोन प्रश्न विचारतो: पुंगळी का सुटत नाही, आणि बोल्ट वेळेआधी का उघडतो? एक्स्ट्रॅक्टरची पकड सैल आहे का, हा प्रश्न माझ्या यादीत तिसरा येतो.

या प्रश्नांची उत्तरे रायफलपेक्षा पुंगळीवर अधिक स्पष्ट लिहिलेली असतात. आपण त्या ११ पुंगळ्या टाकून दिल्या असतील तर पुढच्या वेळी अवश्य जपून ठेवा, आणि त्यांच्यासोबत नीट निघालेल्या पाच-सहाही ठेवा, कारण तुलनेशिवाय काहीच कळत नाही. प्रथम रिम पाहावी. रिम वाकलेली किंवा फाटलेली असेल तर एक्स्ट्रॅक्टरने पकड घट्ट धरली होती, पण पुंगळी जागची हलली नाही. अशा रायफलला ताठ स्प्रिंग देणे म्हणजे अधिक रिमा फाडणे. रिम अगदी निर्दोष असून पुंगळी आत राहिली असेल, तर पकडच निसटली असण्याचा संभव वाढतो आणि तेथे आपल्या परिचिताचा सल्ला विचारात घेता येतो. मग बुडाचा सपाट भाग पाहावा. इजेक्टरच्या गोल खुणेच्या जागी पितळ घासून चकचकीत झाले असेल आणि प्रायमर (बुडातील, दारू पेटवणारी छोटी टोपी) सपाट पसरला असेल, तर दाब जास्त आहे किंवा बोल्ट दाब असतानाच फिरू लागला आहे. शेवटी पुंगळीचे अंग उजेडात फिरवून पाहावे. लांबीच्या दिशेचे बारीक ओरखडे सर्वच रायफलींत थोडेफार असतात; परंतु प्रत्येक पुंगळीवर त्याच जागी गोलाकार कड्या उमटत असतील तर तो चेंबरच्या आतील पृष्ठभागाचा ठसा आहे. बुडापासून थोड्या अंतरावर उजळ, तकतकीत वलय दिसले तर मात्र गोळीबार तेथेच थांबवावा. पुंगळी तेथून तुटण्याच्या बेतात असल्याची ती खूण असू शकते, आणि तेव्हा गनस्मिथकडून गो व नो-गो गेजने (मापाच्या ठोकळ्यांनी) हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी लांबी, तपासून घेणे आवश्यक ठरते.

नव्या रायफलमध्ये मी सर्वांत आधी करतो ते काम अगदी साधे आहे आणि म्हणूनच वगळले जाते: चेंबर साफ करणे. कारखान्यातून निघताना गंज लागू नये म्हणून आत घट्ट ग्रीस किंवा तेल भरलेले असते. नळी बहुतेक लोक साफ करतात, पण नळीपेक्षा रुंद असलेल्या चेंबरला नळीचा ब्रश नीट लागतच नाही. त्यासाठी चेंबरचा वेगळा, दोन व्यासांचा ब्रश मिळतो. द्रावण लावून तो फिरवावा आणि मग कापडाने चेंबर पूर्ण कोरडे करावे. पुंगळी सहज निघावी म्हणून चेंबरला तेल लावणे ही चुकीची युक्ती आहे, कारण तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरून राहत नाही आणि बोल्टवर अधिक जोर येतो. तेल बोल्ट आणि कॅरिअर (बोल्टला मागेपुढे नेणारा भाग) यांच्या घासणाऱ्या भागांना लावावे, आणि नव्या रायफलमध्ये ते थोडे सढळ हाताने लावले तरी चालते. याच वेळी बोल्टमधून एक्स्ट्रॅक्टर काढून त्याच्या खालचा खळगाही पाहावा. तेथे वाळलेले ग्रीस किंवा धातूचा कीस सापडणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि तेवढ्यानेच एक्स्ट्रॅक्टर पूर्ण बंद होत नाही.

त्यानंतर काडतुसे. आपण कोणती वापरली हे लिहिलेले नाही, आणि या उत्तरातील बरेच काही त्यावर अवलंबून आहे. प्रथम नळीवर काय कोरले आहे ते पाहावे, पेटीवरचे लेबल नव्हे. .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो यांची पुंगळी बाहेरून जवळजवळ सारखीच असते, पण ५.५६ च्या चेंबरमध्ये गोळीपुढची मोकळी जागा अधिक असते. .२२३ च्या आखूड जागेत ५.५६ ची काडतुसे उडवली तर दाब वाढतो आणि पुंगळी चिकटते; असे करूच नये. दुसरी बाब पुंगळीच्या धातूची. पोलाद पितळाइतके आक्रसत नाही, शिवाय चेंबरला तितके घट्ट बसत नसल्याने काजळी आत शिरते. पोलादी पुंगळीवरील लाखेचा थर वितळून चेंबरला चिकटतो असे पुष्कळांचे मत आहे. माझा अनुभव असा की, दोष बहुतेक वेळा त्या काजळीचा असतो, आणि तो दिसतो केव्हा, तर पोलादी काडतुसांनंतर साफ न करता पितळी वापरायला घेतल्यावर. तिसरी बाब हाताने पुन्हा भरलेल्या काडतुसांची: पुंगळीचे बूड मूळ मापावर पुरेसे दाबून आणलेले नसेल तर ती चेंबरमध्ये आधीच आवळून बसते. म्हणून तपासणीच्या काळात पुन्हा भरलेली काडतुसे पूर्ण बाजूला ठेवावीत, आणि कारखान्यात भरलेली, पितळी पुंगळीची, निदान दोन वेगवेगळ्या उत्पादकांची काडतुसे प्रत्येकी २० ते ३० उडवून पाहावीत. एकाच जातीचे काडतूस अडत असेल तर रायफलला बोल लावण्याचे कारण उरत नाही.

काडतूस बदलले, चेंबर साफ आहे, आणि तरीही रिमा फाटत असतील, तर माझा पहिला संशय चेंबरच्या पृष्ठभागावर जातो. चेंबर कोरणारे रीमर बोथट झाले किंवा थरथरले की आत सूक्ष्म कड्या राहतात. फुगलेले पितळ त्या कड्यांत शिरते आणि जागच्या जागी अडकते. या एका गोष्टीने केवढा गोंधळ होऊ शकतो याचे प्रसिद्ध उदाहरण याच घराण्यातील आहे. व्हिएतनाम युद्धात १९६० च्या दशकात अमेरिकी सैनिकांच्या एम-१६ रायफली अडू लागल्या. तेव्हा चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, दमट हवेत आत गंजाचे खड्डे पडत, काडतुसांतील दारूचा प्रकार बदललेला होता आणि साफसफाईचे साहित्य अपुरे होते. सैनिक सळईने ठोकून पुंगळ्या काढत. १९६७ मध्ये रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय उपसमितीने याची चौकशी केली, आणि त्याच सुमारास चेंबरला क्रोमचा मुलामा देण्यास सुरुवात झाली. मला या प्रकरणात लक्षणीय वाटते ते हे की, लक्षण एकच, पुंगळी निघत नाही, आणि कारणे मात्र तीन-चार, एकमेकांत गुंतलेली. एकट्या एक्स्ट्रॅक्टरकडे बोट दाखवून ते कोडे सुटले नसते.

आपल्या रायफलचे चेंबर घरी तपासायचे असेल तर वरचा भाग वेगळा करून, बोल्ट काढून, मागून बारीक विजेरीचा उजेड टाकावा आणि डमी काडतूस हाताने आत सोडून पाहावे. ते आपल्या वजनाने बसावे आणि नळीचे तोंड वर केल्यावर आपल्या वजनाने, फार तर बोटाच्या हलक्या ओढीने, बाहेर यावे. डमी काडतूसही आवळत असेल तर आत कीस, कंगोरा किंवा मापाची चूक आहे. येथे अनेक जण ड्रिलला पॉलिश कागद लावून चेंबर घासतात. नव्या रायफलमध्ये हे करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. क्रोमचा मुलामा अतिशय पातळ असतो, चेंबरचे माप एकदा वाढले की परत येत नाही, आणि आपण घासल्याच्या खुणा पाहून उत्पादक हात झटकतो.

चेंबर ठीक निघाले तर वेळेआधी उघडणाऱ्या बोल्टकडे वळावे. या धाटणीच्या रायफलीत नळीतील एका छिद्रातून थोडा वायू मागे वळवून कॅरिअर ढकलला जातो. हे छिद्र चेंबरपासून किती दूर आहे यावर बरेच ठरते: कार्बाइन मापात ते सुमारे ७ इंचांवर, मध्यम मापात ९ आणि पूर्ण रायफल मापात सुमारे १२ इंचांवर असते. छिद्र जितके जवळ, तितका वायू जोरकस आणि लवकर पोहोचणारा. त्यातच उत्पादकाने हलकी काडतुसेही चालावीत म्हणून छिद्र मोठे ठेवले असेल, तर चेंबरमध्ये दाब शिल्लक असतानाच बोल्ट फिरू लागतो, आणि एक्स्ट्रॅक्टर चिकटलेल्या पुंगळीला ओढतो. अशा रायफलीत पुंगळ्या पुढच्या दिशेने, जोरात आणि लांब पडतात, धक्का तीव्र जाणवतो आणि रिमांवर ओरबाडल्याच्या खुणा दिसतात. उलट वायू कमी पडत असेल तर पुंगळ्या मागे, जवळच आणि निरुत्साहाने पडतात. पुंगळी घड्याळाच्या कोणत्या आकड्याकडे पडते यावर लोक फार खल करतात. माझ्या मते ती साक्ष पुरवणी म्हणून ठीक आहे, निकाल देण्याइतकी भक्कम नाही, कारण इजेक्टरची स्प्रिंग आणि खिडकीमागचा आडोसा यांनीही ती दिशा बदलते.

त्यापेक्षा विश्वासार्ह कसोटी अशी. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून बार काढावा. बोल्ट मागे येऊन अडकून राहिला पाहिजे. हे दहा वेळा करावे. दहाही वेळा बोल्ट मागे अडकला तर त्या काडतुसासाठी वायू पुरेसा आहे. तो पुन्हा पुन्हा बंद होत असेल आणि मॅगझिन बदलूनही तेच होत असेल, तर वायू कुठे तरी गळतो आहे किंवा कमी येतो आहे. आपल्या त्या दोन खिडकीत उभ्या राहिलेल्या पुंगळ्यांचे मूळ तेथे सापडू शकेल. मग कॅरिअरवरील गॅस कीचे (वायू आत घेणाऱ्या नळकांड्याचे) दोन स्क्रू हलतात का आणि त्यांच्या कडा ठोकून पक्क्या केल्या आहेत का ते पाहावे, आणि गॅस ब्लॉक (नळीतील छिद्रावर बसणारा तुकडा) छिद्रावर सरळ बसला आहे का ते गनस्मिथकडून तपासून घ्यावे. बोल्टच्या तीन गॅस रिंगांची (वायू गळू न देणाऱ्या कड्यांची) परीक्षा सोपी आहे: बोल्ट पूर्ण पुढे ओढून कॅरिअर त्यावर उभा केला असता तो आपल्या वजनाने खाली बसता कामा नये. तीन रिंगांच्या फटी एका रेषेत आल्या म्हणून रायफल अडते, हा समज मी पुष्कळदा ऐकला आहे. त्यामुळे अडलेली रायफल मात्र अजून माझ्याकडे आलेली नाही.

वायू जास्त असेल तर जड बफर (कॅरिअरच्या मागे बसणारे वजन) हा साधा आणि परत फिरवता येणारा उपाय आहे. साधा कार्बाइन बफर सुमारे ८५ ग्रॅमचा असतो. एच प्रकार सुमारे १०८ आणि एच-२ सुमारे १३० ग्रॅमचा. वजन वाढले की बोल्ट उघडण्यास किंचित उशीर लागतो आणि पुंगळीला सुटायला सवड मिळते. एका वेळी एकच पायरी चढावी आणि प्रत्येक पायरीनंतर वरची एका काडतुसाची कसोटी पुन्हा घ्यावी, नाही तर एक दोष घालवताना दुसरा ओढवून घेतला जातो.

आता एक्स्ट्रॅक्टर. बोल्ट हातात घेऊन, रिकाम्या पुंगळीची रिम त्याच्या नखाखाली सरकवावी आणि बोल्ट हलवून पाहावा. इजेक्टर पुंगळीला एका बाजूने ढकलत असतो, त्यामुळे ती तिरकी राहील, पण ती पडता कामा नये. पडत असेल तर स्प्रिंगच्या आत बसणारा लहान रबरी तुकडा जागेवर आहे का, स्प्रिंगचे रुंद टोक एक्स्ट्रॅक्टरच्या बाजूला आहे का, आणि नखाची धार स्वच्छ कोरलेली आहे का, हे पाहावे. नवीन असूनही नखावर कंगोरा किंवा गोलसर कड असू शकते. त्याच पुंगळीच्या कडेने इजेक्टर दाबून पाहावा. तो अडखळत परत येत असेल तर त्याच्या खोबणीत पितळाचा कीस गेला आहे. या तपासणीत पकड खरोखर सैल निघाली, आणि रिमा निर्दोष असल्या, तर ताठ स्प्रिंग जरूर बसवावी.

ही सावधगिरी मी अनुभवातून शिकलो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक नवी रायफल आली, आणि मी पुंगळ्या न पाहताच ताठ स्प्रिंग आणि वर रबरी वळेही बसवले. पहिल्या ४० गोळ्या सुरळीत गेल्या आणि मी रायफल परत केली. महिनाभराने ती पुन्हा आली, तेव्हा एक्स्ट्रॅक्टरच्या नखाचा टवका उडालेला होता, आणि मालकाने आणलेल्या डबीतील प्रत्येक पुंगळीवर एकाच जागी तीन गोल कड्या उमटलेल्या होत्या. चेंबर खराब कोरलेले होते. मी दिलेल्या स्प्रिंगने ते महिनाभर लपवले, एवढेच.

म्हणून आपल्यासाठी क्रम असा सुचवतो: चेंबर आणि एक्स्ट्रॅक्टरचा खळगा साफ करणे, दोन प्रकारची कारखान्यात भरलेली पितळी काडतुसे, तीन वेगवेगळी मॅगझिने, आणि प्रत्येक अडकणीची नोंद. नव्या रायफलचे भाग एकमेकांना रुळायला १०० ते २०० गोळ्या लागू शकतात हे खरे, पण रुळण्याने सुटतो तो घासणाऱ्या भागांचा जडपणा. फाटलेली रिम रुळण्याने दुरुस्त होत नाही. साफसफाईनंतरच्या ६० गोळ्यांत एकही रिम फाटलेली आढळली, किंवा पुंगळ्यांवर कड्या दिसल्या, तर पुढे काहीही न बदलता रायफल उत्पादकाकडे परत पाठवावी. सोबत फाटलेल्या आणि चांगल्या पुंगळ्या वेगवेगळ्या पिशव्यांत, काडतुसांच्या पेटीचा लॉट क्रमांक, आणि आपल्या नोंदवहीची प्रत द्यावी. नुसते ‘रायफल अडते’ असे लिहून पाठवलेली रायफल अनेकदा चार गोळ्या उडवून ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यासह परत येते. पुंगळ्यांची पिशवी सोबत असली तर तो शेरा लिहिणे त्यांना अवघड जाते. आणि रिमा निर्दोष, चेंबर गुळगुळीत, एका काडतुसाची कसोटी दहापैकी दहा, तरीही पुंगळी आत राहते, असे निघाले तर ती ताठ स्प्रिंग मागवा.